दात आला, कान फुटला

राजूरच्या आठवडे बाजारात, एसटी स्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात कडेवर लेकरू घेतलेल्या दोन बायका भेटल्या की बोलणं साधारण असं चालतं. 'दात आले का गं?' 'आले की, चार.' 'आणि सर्दी?' 'सर्दी गेली, आता कान फुटलाय.' 'फुटू दे, मोठा झाला की आपोआप बंद होतं.' मग विषय पावसाकडे वळतो, नाहीतर सोयाबीनच्या भावाकडे.

कान फुटणं हे आमच्याकडे दुखणं म्हणून मोजतच नाहीत. ते वाढीच्या वयातलं एक ठाणं आहे. रांगला, दात आले, कान फुटला, चालायला लागला. ताप आला तर दवाखाना, जुलाब झाले तर दवाखाना, पण कानातून पू वाहतोय म्हणून अकोल्याची किंवा संगमनेरची गाडी पकडणारं घर विरळा. पू दिसायला लागला की उलट सगळ्यांना हायसं वाटतं, कारण तोवर रात्र रात्र रडणारं पोर एकदम शांत झोपतं. 'घाण निघून गेली' असं आजी म्हणते, आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच ही समजूत इतकी टिकून आहे.

मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. तरीही मी या विषयावर लिहिते आहे, कारण भाषा शिकवणाऱ्या माणसाचा सगळा धंदा कानावर चालतो. मूल शाळेत येतं ते सहाव्या वर्षी. त्याच्या कानाचं जे व्हायचं ते बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षाच्या आत होऊन गेलेलं असतं.

आधी हे होतं कसं ते पाहू, कारण इथेच पहिली गफलत आहे. बहुतेक घरांत असं समजतात की आंघोळीचं पाणी कानात गेलं, वारं लागलं, म्हणून कान फुटला. कानाचा पडदा धड असेल तर बाहेरचं पाणी पडद्यापाशीच थांबतं. हे दुखणं नाकातून येतं. पडद्याच्या आत मधला कान असतो, वाटाण्याएवढी हवेची खोली म्हणा. तिच्यातून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला उघडते. सोळाव्या शतकातल्या युस्ताची नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. या नळीचं काम दोन प्रकारचं: मधल्या कानात हवा खेळती ठेवायची आणि तिथे साचलेला ओलावा घशात उतरवायचा.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. भाताच्या खाचरातलं जास्तीचं पाणी काढायला बांधाला वाट करून देतो. उतार असला तर पाणी सरसर जातं, जमीन सपाट असली तर तिथेच डबकं होतं. मोठ्या माणसाची नळी लांब आणि उताराची असते. बाळाची आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की ती सुजते, वाट बंद होते, मधल्या कानात पाणी साचतं आणि नाकातले जंतू त्यात वाढतात. पू होतो, पडद्यावर दाब येतो, बाळ कळवळतं. दाब फार वाढला की पडदा फाटतो आणि पू बाहेर येतो. दुखणं थांबतं ते दाब गेल्यामुळे. रोग बरा झाला म्हणून नव्हे.

हा सगळा प्रकार सहा महिने ते दोन वर्षे या वयात सर्वांत जास्त. जगातल्या बहुतेक मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत एकदा तरी हे होतंच, मग ते मूल राजूरचं असो की लंडनचं. फाटलेला पडदा बहुतेकदा दोनेक आठवड्यांत भरूनही येतो. म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नाही, आणि घाबरवणं हा माझा हेतूही नाही. प्रश्न येतो तो पुन्हा पुन्हा होण्याचा. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षभरात चारदा झालं तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा कानाचा संसर्ग म्हणतात. पडदा भरून न येता पू दोन आठवड्यांच्या पुढे वाहतच राहिला, तर तो जुनाट आजार झाला. आमच्याकडे 'कान फुटलाय' हा एकच शब्द या सगळ्याला लावतात. चार दिवसांचं दुखणंही तेच आणि चार वर्षांचंही तेच. दोन्हींसाठी वेगळे शब्द असते तर कदाचित काळजीही वेगळी केली असती.

आता राजूरकडे बघा. हा सह्याद्रीच्या कुशीतला, पावसाचा मुलूख. पलीकडच्या घाटघरला तर लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत ऊन दिसू देत नाही. कपडे चुलीवर वाळवायचे, दारंखिडक्या लावून घ्यायच्या, एका खोलीत सहा-सात माणसं. त्यातल्या शाळेत जाणाऱ्या भावंडाने सर्दी आणली की ती घरभर फिरते. चुलीचा धूर कोंडलेला असतो, त्यात घरातला कुणी बिडी ओढणारा. धुराने नाकाची आणि त्या नळीची आतली त्वचा सुजते, हे डॉक्टर पन्नासदा सांगतात. गॅसचं सिलिंडर बहुतेक घरांत आलं आहे, पण पावसाळ्यात ऊब लागते, पाणी तापवायचं असतं, आणि सिलिंडर भरायला पैसे लागतात. म्हणून चूल पेटतेच. 'धूर करू नका' हे वाक्य उच्चारायला सोपं आहे. मी एवढंच म्हणेन की लेकरू झोपतं ती जागा तरी चुलीपासून लांब असावी आणि बिडी ओसरीच्याही बाहेर जावी. दुसऱ्या गोष्टीला तर एक पैसा लागत नाही.

आणि त्याच दिवसांत आवणी असते. बाई चिखलात वाकलेली, तान्हं मूल घरी आजीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे. दूध बाटलीने, तेही बाळ झोळीत आडवं असताना, म्हणजे बहिणीला दोन मिनिटं मोकळी मिळतात. आडवं पडून बाटलीने प्यायलेलं दूध त्या आखूड नळीच्या तोंडापर्यंत जाऊ शकतं. अंगावर पाजणारी आईसुद्धा मुलाचं डोकं हातावर जरा उंच धरते, ते बाटलीच्या बाबतीत होत नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध मिळालेल्या मुलांना हा त्रास कमी होतो. हे आशाताई सांगतात, अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण मजुरीचा दिवस बुडवून बाळाजवळ बसायचं तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार, हे भिंतीवर लिहिलेलं नसतं.

मग उपचार सुरू होतात. घरचे.

मराठीत 'कानात तेल घालून झोपणे' असा वाक्प्रचार आहे. अर्थ सगळ्यांना माहीत. पण ज्या चालीवरून तो आला ती चाल आमच्या घराघरांत अजून जिवंत आहे. मालिश झाली की टाळूवर तेल, बेंबीत तेल आणि कानात तेल. मुसलमानांच्या घरात दादी-नानी करतात, शेजारच्या घरात आजी करते, या बाबतीत आमच्यात काही मतभेद नाहीत. कान दुखला तर लसूण घालून कढवलेलं तेल, कुठे आईच्या दुधाचे थेंब, कुठे कसल्याशा पाल्याचा रस. यातलं काहीही मधल्या कानापर्यंत पोचत नाही, कारण मध्ये पडदा आहे. आणि पडदा फाटलेला असेल तर मात्र ते नेमकं तिथेच पोचतं, आपल्याबरोबर बाहेरचे जंतू घेऊन. शिवाय तेलाने भरलेल्या कानात डॉक्टरला पडदाच दिसत नाही. तापवलेल्या तेलाने भाजण्याची भीती आहे ती वेगळीच.

आजीला हे सांगणं अवघड असतं, कबूल. तिने सहा मुलं वाढवलेली असतात. ती म्हणते, 'आम्ही नाही घातलं? आम्ही बहिरे झालो का?' यावर वाद घालू नये असं माझं मत आहे. तेलाची वाटी तिच्या हातात राहू द्यावी, पाठीला, पायाला, डोक्याला हवं तेवढं लावू द्यावं, फक्त कान तेवढा सोडायला सांगावा. आजीचा मान मालिशीत आहे, कानात नाही. हे जमतं, मी घरोघरी जमलेलं पाहिलं आहे.

वाहणाऱ्या कानाचं काय करायचं, तर सरकारी आरोग्यसेविकांना जे शिकवलं जातं ते अगदी साधं आहे. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणारं सुती कापड घ्यायचं, त्याची वात वळायची, ती कानात हलकेच ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी ठेवायची. वात कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून तीनदा. काडी नाही, पिन नाही, बाजारातली कापूस लावलेली काडीसुद्धा नाही. पाणी नाही, तेल नाही. कान कोरडा ठेवणं हाच अर्धा उपचार आहे, आणि समईची वात वळणाऱ्या बाईला ही वात काही जड नाही. बाकीचा अर्धा उपचार डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाचा.

औषधाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात, कारण इथे आपण दोन्ही टोकांना चुकतो. काही घरांत औषध आणतच नाहीत. काही घरांत दर सर्दीला अँटिबायोटिक हवंच असतं, आणि देणारेही देतात. एका दवाखान्यात माझ्यासमोर एका बाईने 'सुई द्या, गोळीने काय होतंय' म्हणून हट्ट धरला आणि तिला ती मिळाली. मुलाचा कान कुणी पाहिला नाही. ताप पाहिला, जीभ पाहिली, सुई टोचली. कानाचा संसर्ग हा कान पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही. दोन वर्षांच्या वरच्या मुलाला, दुखणं सौम्य असेल तर, फक्त दुखणं कमी करायचं औषध देऊन दोन-तीन दिवस वाट पाहण्याचा सल्ला आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ देतात, कारण पुष्कळ वेळा ते आपोआप जातं. त्याहून लहान बाळ असेल, दोन्ही कान धरले असतील, ताप जास्त असेल, पू येत असेल, तर अँटिबायोटिक लागतं. हे ठरवायला आत डोकावावं लागतं. सर्दीची ती रंगीत गोड सिरपं कानातलं पाणी कमी करत नाहीत.

आणि अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितलेले सगळे दिवस द्यायचं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी ताप उतरला की बाटली देवळीत जाते, पुढच्या आजारासाठी. पावडरीत पाणी घालून तयार केलेलं हे औषध आठवड्यानंतर वापरायचं नसतं. महिन्याभराने तेच पाजणं म्हणजे जंतूंना शिकवणी देणं. कानात टाकायच्या थेंबांचंही तसंच. शेजारणीच्या मुलाला दिलेले थेंब आपल्या मुलाच्या कानात टाकू नयेत, कारण पडदा फाटलेला असताना काही थेंबांतली औषधं आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याच्या मुळालाच, इजा करू शकतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

पू वाहतो तो निदान दिसतो. पण पडदा न फुटता आत नुसतं पाणी साचून राहतं ते दिसत नाही. ते हळूहळू घट्ट होतं, डिंकासारखं. दुखत नाही, ताप नाही, मूल खेळतं. कानाचा एक संसर्ग बरा झाल्यावर महिन्याभराने पाहिलं तर दहातल्या सुमारे चार मुलांच्या मधल्या कानात पाणी असतं, तीन महिन्यांनी दहातल्या एकाच्या. म्हणजे बहुतेकांचं जातं. पण ज्या मुलाला दर दीड महिन्याला सर्दी आणि दर दुसऱ्या सर्दीला कान, त्याचं पहिलं पाणी जायच्या आत दुसरं साचतं. त्याचा सबंध पावसाळा आणि पुढचा हिवाळा डिंक भरलेल्या कानांनी जातो. त्या दिवसांत त्याला ऐकू येत नाही असं नाही. येतं, पण भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसं. साधारण वीस-तीस डेसिबलचा फरक पडतो. दोन्ही कानांत बोटं घालून घरातलं बोलणं ऐकून पाहा, थोडी कल्पना येईल.

भिंतीपलीकडून काय ऐकू येतं? स्वर येतात. आ, ओ, ई हे मोठे आवाज असतात. हरवतात ती हलकी व्यंजनं: स, श, फ, त, थ, प. आणि हरवतात वाक्यातले बारीक, जोर नसलेले तुकडे. मराठीचं व्याकरण नेमकं याच तुकड्यांवर उभं आहे. मुलीने, मुलीला, मुलीस, मुलीत, मुलीशी. सगळा अर्थ शेवटच्या एका अक्षरात, आणि आपण बोलताना ते अक्षर निम्मं गिळतो. धड कानाच्या मुलाला ते हजारदा ऐकून आपोआप येतं, कुणी शिकवावं लागत नाही. ज्याला 'मुली' एवढंच स्पष्ट आणि पुढे नुसती गुणगुण ऐकू आली, त्याला ते कुठून येणार? उर्दूतही हीच गत. 'ने', 'से', 'को', 'में' हे सगळे लहानगे शब्द. शिवाय शीन आणि सीन यांतला फरक, क आणि क़, ज आणि ज़ यांतला फरक. हे फरक तोंडाने शिकवता येतात, पण कानाने पकडल्याशिवाय बसत नाहीत.

मग असं मूल शाळेत येतं आणि त्याला पहिला शिक्का मिळतो: लक्ष नसतं. दुसरा शिक्का: हट्टी आहे, बोलावलं तरी येत नाही. तिसरा, हळू आवाजात: डोक्याने जरा कमी आहे. ज्या वर्गात चाळीस मुलं आणि वर पत्र्यावर पाऊस, तिथे मागच्या बाकावर बसलेल्या अशा मुलापर्यंत काय पोचत असेल याचा विचार करा. आमच्या भागात आश्रमशाळा आहेत, दूरच्या वाड्या-पाड्यांवरची मुलं तिथे येऊन राहतात. घरी आई ओरडून तरी सांगायची, तिथे तेही नाही.

यात आणखी एक भर पडते, आणि तिचा मला विशेष राग येतो. मूल उशिरा बोलू लागलं की सांगितलं जातं, 'घरात दोन भाषा आहेत ना, म्हणून गोंधळलंय.' आमच्या घरांत आत दखनी उर्दू, दाराबाहेर मराठी. ठाकर, महादेव कोळी घरांत घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी. हे कारण इतकं सोयीचं आहे की ते दिलं की पुढे कुणी काही तपासत नाही. काही आया तर घाबरून घरची बोलीच बंद करतात आणि मोडक्या मराठीत लेकराशी बोलू लागतात, म्हणजे त्याला मिळणारी उरलीसुरली गोड, भरघोस भाषाही जाते. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. अर्ध्या जगात मुलं दोन-तीन भाषांत वाढतात. बोलायला उशीर झाला तर आधी कान पाहायचा, भाषा नंतर. हा क्रम मला प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर लिहून ठेवावासा वाटतो.

मी अतिशयोक्ती करते आहे असं कुणी म्हणेल, तर त्याच्या हातात एक मुद्दा मीच देते. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे एक मोठा अभ्यास झाला, २००१ साली त्याचे पहिले निष्कर्ष छापले गेले. कानात पाणी साचून राहिलेल्या तीन वर्षांखालच्या मुलांपैकी काहींच्या पडद्यात लगेच बारीक नळी बसवली, काहींना महिनोन्महिने थांबवून ठेवलं. तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांच्या बोलण्यात आणि समजण्यात फरक आढळला नाही, पुढे शाळेच्या वयातही नाही. म्हणजे दर साचलेल्या पाण्याला शस्त्रक्रिया हवी असं मुळीच नाही, आणि कुणी खासगीत घाईने 'नळी टाकून घ्या' म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं. पण त्या अभ्यासातली मुलं जन्मापासून कान तपासत राहिलेली होती. पाणी आहे हे माहीत होतं, किती दिवस आहे हे माहीत होतं, गरज पडली तर पुढची पायरी तयार होती. त्या 'थांबून पाहण्यात' पाहणं होतं. आमच्याकडे नुसतं थांबणं आहे. आणि फुटून वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाची गोष्ट तर त्या अभ्यासाच्या बाहेरची. तिथे पडद्याला कायमचं भोक राहतं, आतली नाजूक हाडं झिजतात, आणि क्वचित पू मागच्या हाडात, मेंदूकडे जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे एखाद्या समाजात शंभरातल्या चारांहून जास्त जणांचा कान असा जुनाट वाहत असेल, तर ती तातडीने हात घालण्याची सार्वजनिक समस्या समजावी. २००४ च्या तिच्या अहवालात या सर्वांत वाईट रांगेत ऑस्ट्रेलियाचे आदिवासी होते, ग्रीनलंड होतं, टांझानिया होता आणि भारत होता. लक्षात घ्या, ऑस्ट्रेलिया हा श्रीमंत देश. तिथल्या गोऱ्या मुलांत हा रोग जवळजवळ दिसत नाही, आदिवासी मुलांत दिसतो. म्हणजे हे हवामानाचं किंवा रक्ताचं काम नसून दाटीवाटीची घरं, धूर आणि डॉक्टरपर्यंतचं अंतर यांचं आहे. त्याच संघटनेने २०२१ मध्ये म्हटलं की मुलांमधलं साठ टक्के बहिरेपण टाळता येण्यासारख्या कारणांनी येतं.

टाळायची साधनं कागदावर तरी आपल्याकडे आहेत. न्यूमोकोकल लस, जिला बायका 'निमोनियाची सुई' म्हणतात, ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. ती कानाच्या सगळ्या जंतूंवर चालत नाही, पण त्यातल्या एका मोठ्या जंतूला अडवते. नवव्या महिन्याचा डोस आमच्याकडे राहून जातो, बाई माहेरी असते किंवा कामावर असते. बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये थोड्या जिल्ह्यांत सुरू झाला आणि मग पसरला. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्याच राज्यात, पालघरला, ते ठाणे जिल्ह्यात असताना, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. ती ज्या तीसेक गोष्टी तपासतात त्यांच्या यादीत कानाचा संसर्ग नाव घेऊन आहे, जन्मजात बहिरेपण आहे, भाषेतला उशीरही आहे. योजना चांगली आहे. मी योजनांची निंदा करणाऱ्यांतली नाही.

पण एका दिवसात अंगणवाडीतली सगळी मुलं बघायची, वजन-उंची घ्यायची, दात, डोळे, कातडी, रक्त कमी आहे का ते पाहायचं, कार्डं भरायची. त्यात कानाच्या वाट्याला किती क्षण येणार? बाहेरून पू दिसला तर नोंद होते. आतलं पाणी बाहेरून दिसत नाही, त्याला कानात पाहायचा दिवा लागतो. ते यंत्र काही मोठं नाही, साध्या स्मार्टफोनच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, आणि ते वापरायला शिकता येतं. माझं मत असं की पावसाळी भागातल्या प्रत्येक उपकेंद्रात ते हवं आणि तिथल्या आरोग्यसेविकेला पडदा लाल आहे, फुगलेला आहे की फाटलेला, एवढं ओळखायला शिकवावं. ग्रामसभेत रस्ता मागतो, नळ मागतो, सभामंडप मागतो. हा दिवा कुणी मागितलेला मी ऐकला नाही. पथकाची फेरीही पावसाच्या तोंडाशी आणि पाऊस सरल्यावर अशी ठेवता आली तर पाणी साचलेले कान सापडतील. उन्हाळ्यात तपासून सगळे कान चांगलेच निघायचे.

पुढची अडचण अंतराची. कानाचे तज्ज्ञ गाठायचे तर आम्हाला संगमनेर, लोणी किंवा नाशिक. आमचं जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटरवर, आणि राजूरला ते नगर असो की अहिल्यानगर, लांबच. ऐकू किती येतं हे मोजायची लहान मुलांची तपासणी वेगळी असते, तिला मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, पण तिचं यंत्र आणि माणूस मोठ्या ठिकाणीच. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. हे गृहस्थ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आमच्या किती घरांना ती माहीत आहे? तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर येते, पण आली तर ठाऊक असावी.

आणि जायचं कुणी? इथे मला पुरुषांशी बोलायचं आहे. मुलाचा कान वाहतो हे आईला पहिल्या दिवशी कळतं. संगमनेरला जायचं हे ठरवायला तिला सासूची, नवऱ्याची, पैशांची, दुसऱ्या लेकराला कोण सांभाळेल याची, अशा चार परवानग्या लागतात. चौथी मिळेपर्यंत पू थांबलेला असतो आणि सगळे म्हणतात, 'बघ, गेलं की.' आमच्यात बाळ जन्मलं की बाप किंवा आजोबा त्याच्या उजव्या कानात अजान देतो. शेजारी बारशाला आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. दोन्ही घरांत माणसाचं पहिलं स्वागत कानातून होतं, आणि आमच्याकडे तर ते पुरुषाच्या तोंडून. त्याच पुरुषाने त्या कानासाठी वर्षातून एखादा दिवस मजुरी सोडून एसटीत बसावं, ही मागणी फार मोठी नाही.

घरी काय पाहावं, एवढं सांगून थांबते. एक वर्षाचं मूल नावाला वळून बघतं का, पाठीमागून हळू बोलावल्यावर, टाळी वाजवून नव्हे. दीड वर्षाला थोडे तरी शब्द आहेत का. टीव्हीचा, मोबाइलचा आवाज सारखा वाढवतं का. बोलताना तुमच्या तोंडाकडे फार पाहतं का. यातून निदान होत नाही, शंका येते, आणि शंका आली की तपासायला न्यायचं. कानामागे सूज आली आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, पुवाला दुर्गंधी आली, मूल सुस्तावलं, झटका आला, मान आखडली किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालं, तर त्याच दिवशी न्यायचं, पाऊस असो वा नसो. वर्षात चौथ्यांदा कान फुटला तर 'फुटू दे' म्हणणाऱ्या बाईचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं. प्रत्येक वेळची तारीख आणि कोणता कान ते मुलाच्या लसीकरणाच्या कार्डामागे लिहून ठेवायचं. डॉक्टरपुढे गेल्यावर 'नेहमीच होतं' यापेक्षा त्या चार तारखा जास्त कामाला येतात.

आणि अंगणवाडीत पथकाची गाडी यायची असेल त्या दिवशी सेविकेला आधी विचारून ठेवायचं, लेकराला नेऊन बसवायचं आणि वजन-उंची झाली की डॉक्टरला म्हणायचं, 'साहेब, मॅडम, कान पण बघा. दोन्ही.'